रात्री दीड वाजता

माझ्या एका मैत्रिणीच्या सोसायटीत मध्यंतरी एक प्रकार घडला. गाव कोणतं, मजला कितवा, हे मी सांगणार नाही. जे तपशील देते आहे त्यांतलेही काही मुद्दाम बदलले आहेत. एका फ्लॅटमधून रात्री दीडच्या सुमारास लहान मुलाच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. तसा तो महिनाभर अधूनमधून येतच होता. त्या रात्री मात्र रडण्याच्या जोडीला पट्ट्याचाही आवाज होता. कुणीतरी १०९८ या क्रमांकावर फोन केला. पाऊण तासाने एक हवालदार, एक महिला कॉन्स्टेबल आणि साध्या सलवार-कमीजमधली तिशीची एक बाई अशी तिघं आली. वॉचमनने वही पुढे केली. बाईने नाव लिहिलं, ‘कोणाकडे’ हा रकाना मोकळा सोडला, ‘कारण’ या रकान्यात ‘काम’ एवढंच लिहिलं आणि ती जिना चढून गेली. तासाभराने तिघं खाली उतरली तेव्हा निम्मी सोसायटी गॅलऱ्यांमध्ये उभी होती.

पुढच्या रविवारी तातडीची सभा झाली. आपल्या बिल्डिंगमध्ये पोलिस आले, हा एक मुद्दा. उद्या फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हा दुसरा. आधी सेक्रेटरींच्या कानावर घालायला काय झालं होतं, हा तिसरा. एका निवृत्त गृहस्थांनी, आम्ही लहानपणी काय कमी मार खाल्ला का, बिघडलो का आम्ही, असं विचारलं आणि टाळ्या घेतल्या. सभा दीड तास चालली. तो मुलगा कसा आहे, हे एकानेही विचारलं नाही. शेवटी असं ठरलं की, सोसायटीतल्या खाजगी बाबींविषयी बाहेरच्या कोणत्याही यंत्रणेला कळवण्याआधी सभासदाने कार्यकारिणीची परवानगी घ्यावी, असा ठराव पुढच्या सभेत मांडायचा.

फोन माझ्या मैत्रिणीनेच केला होता. ते तिने सभेत सांगितलं नाही, मला सांगितलं. आणि मग विचारलं, “तू केला असतास का गं?” मी विषय बदलला. त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, पण आधी त्या रात्रीच्या बाईविषयी लिहायला हवं. कारण त्या सभेत सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, ‘ही बाई कोण लागून गेली?’

मला अशी एक बाई ठाऊक आहे. आमच्या शाखेत एक शिपाईमामा होते, त्यांची ती धाकटी लेक. लहानपणी परीक्षेचा निकाल लागला की वडिलांबरोबर पेढे घेऊन यायची आणि माझ्या टेबलापाशी पाय घासत उभी राहायची. पुढे ती समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. झाली आणि मुलांच्या हेल्पलाइनवर लागली. मामांना तिने बँकेची परीक्षा द्यावी असं वाटत होतं. “मॅडम, पोरगी रात्री-बेरात्री पोलिसांबरोबर हिंडते, हे पाहुण्यांना कसं सांगायचं?” असं ते मला एकदा म्हणाले होते. पाहुण्यांना त्यांनी ते बहुधा कधी सांगितलंच नाही.

२०१८ साली मला एक कादंबरी सुचत होती. तिच्यासाठी म्हणून मी त्या संस्थेची रीतसर परवानगी काढून या मुलीबरोबर सहा रात्री बसले. अट एकच होती, कोणत्याही मुलाची ओळख पटेल असं अक्षरही लिहायचं नाही. बालन्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने तो गुन्हाच आहे आणि असायलाच हवा. कादंबरी झाली नाही. का झाली नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही. वह्या मात्र आहेत.

१०९८ हा क्रमांक ‘एक हजार अठ्ठ्याण्णव’ असा वाचायचा नसतो. ‘दस-नौ-आठ’ असा म्हणायचा, म्हणजे शाळेत न गेलेल्या पोरालाही पाठ होतो. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रयोग म्हणून ही सेवा सुरू झाली. तिथल्या प्राध्यापिका जेरू बिलिमोरिया यांची ती कल्पना. पुढे ती देशभर पसरली. बरीच वर्षं गावोगावच्या स्वयंसेवी संस्था ती चालवत होत्या. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. फोन फुकट आहे, चोवीस तास आहे. मामांची लेक आता सरकारी योजनेत करारावर आहे. करार दर वर्षी नवा होतो, म्हणजे आजवर झाला आहे.

दिवसाची व्यवस्था कागदावर तरी नीटनेटकी आहे. २०१५ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते, अध्यक्ष आणि चार सदस्य. महिन्यातून निदान वीस दिवस तिने बसायचं असतं. निराधार, हरवलेलं, छळलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत ते या समितीपुढे उभं करायचं. रात्रीचाही विचार कायद्याने केलेला आहे. समिती बसलेली नसेल तर एकट्या सदस्यापुढेही मूल नेता येतं आणि त्याच्या आदेशाने बालगृहात ठेवता येतं. लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यात तर स्पष्टच म्हटलं आहे की, कोणत्याही कारणास्तव मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवायचं नाही. ज्याने हे कलम लिहिलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. पण मूल पोलिस ठाण्यात ठेवायचं नाही, तर रात्री अडीच वाजता ठेवायचं कुठे? कायद्यातलं वाक्य आणि बालगृहाच्या फाटकाचं कुलूप यांच्यामध्ये कुणीतरी माणूस उभं राहावं लागतं. तिथे ही मुलगी उभी असते, खांद्याला पर्स, पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटं आणि कोऱ्या कागदांची फाइल.

एक रात्र सांगते. अकराच्या सुमारास स्टेशनवरून रेल्वे पोलिसांचा फोन आला. उत्तरेकडून आलेल्या गाडीत दहा-अकरा वर्षांचा मुलगा एकटा सापडला होता. आम्ही गेलो. हिने आधी त्याला काही विचारलंच नाही. स्टॉलवरून दोन वडापाव आणले, एक त्याला दिला, एक स्वतः खायला घेतला. उपाशी मुलाशी बोलायचं नाही आणि मूल खात असताना त्याच्याकडे बघत बसायचं नाही, हे तिचे दोन नियम. मग नाव विचारलं. पोराने एका हिंदी नटाचं नाव सांगितलं. हिने तेच लिहून घेतलं. मी तिच्याकडे बघितलं तर हळूच म्हणाली, “काकू, पहिलं नाव खोटंच असतं. ते खोडायचं नसतं.”

त्यानंतर कागदांची जत्रा सुरू झाली. पोलिसांची डायरीतली नोंद. मग सरकारी दवाखान्यात वैद्यकीय तपासणी. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, जखम नाही, ताप नाही, सकाळी आणा. बालगृहाच्या अधीक्षकांचं फोनवर म्हणणं, तपासणीचा कागद आणि समितीचा आदेश असल्याशिवाय फाटक उघडणार नाही. दोघंही आपापल्या जागी चुकीचे नव्हते, ही यातली खरी अडचण. साथीचा आजार घेऊन एक मूल आत आलं तर चाळीस मुलं आजारी पडतात, ही अधीक्षकांची भीती काही खोटी नाही. हिने डॉक्टरांपुढे स्टूल ओढलं आणि बसून राहिली. भांडली नाही. पाऊण तासाने डॉक्टरांनीच कंटाळून नाडी बघितली. समितीच्या एका सदस्यांचा फोन बंद होता. दुसऱ्या बाई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, घेऊन ये. रिक्षाने आम्ही त्यांच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी त्यांनी आदेश लिहिला. तेव्हा घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. पोरगा हिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता आणि हिचा पाय बधिर झाला होता. बालगृहाच्या फाटकाशी चारच्या पुढे पोचलो. आत जाताना पोरगा थांबला आणि म्हणाला, “दीदी, मेरा नाम वो नहीं है।” ही म्हणाली, “मालूम है। कल बताना।”

रिक्षाचे पैसे तिने स्वतःच्या पर्समधून दिले. परत मिळतात म्हणाली, पावती असली तर. रात्री चार वाजता पावती देणारा रिक्षावाला मी तरी पाहिलेला नाही.

मी बत्तीस वर्षं बँकेत काढली. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एका माणसाने, मग तो मॅनेजर का असेना, एकट्याने तिजोरी उघडायची नाही. याला आम्ही ‘जॉइंट कस्टडी’ म्हणत असू. (घटस्फोटाच्या खटल्यात हाच शब्द मुलांसाठी वापरतात, हे मला फार उशिरा कळलं.) यात कुणावर अविश्वास नसतो. माणूस थकतो, घाबरतो, भिडेला पडतो, हे बँकेने गृहीत धरलेलं असतं. शंभराच्या नोटांच्या बंडलांसाठी आपण एवढी काळजी घेतो. रात्री दीड वाजता एक मूल घरात ठेवायचं की बाहेर आणायचं, याचा निर्णय मात्र एका बाईवर सोडतो, आणि तीही दिवसभराची दमलेली असते. पोलिस बरोबर असतात, पण हा निर्णय ते तिच्याकडेच ढकलतात; “ताई, तुम्ही सांगाल तसं.”

निर्णय कसा घेते, हे मी तिला विचारलं होतं. तिचं उत्तर मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं नाही, याची आता हळहळ वाटते. पण पाहिलं ते सांगते. दार उघडण्याआधी ती पोलिसांना चार पायऱ्या खाली उभं करते. दार उघडलं की आरोप करत नाही, पाणी मागते. आपल्याकडे पाणी मागणाऱ्याला दारातून परत पाठवायला माणूस बिचकतो. मारकुटा बापही बिचकतो. पाणी येईपर्यंत ती आत असते. मुलाचं अंथरूण कुठे आहे ते बघते. मूल प्रश्नाचं उत्तर देण्याआधी कुणाच्या तोंडाकडे पाहतं, आई हलली की मूल तिच्याकडे सरकतं की अंग चोरतं, हे बघते. वळ ताजे आहेत की जुन्यावर नवे आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या घरात आज रात्री जागं राहील असं शहाणं माणूस कुणी आहे का. आजी, मोठी बहीण, कुणीही. असेल तर ती त्या माणसाशी बोलते, स्वतःचा नंबर देते आणि सकाळी नऊला पुन्हा येते. माझ्यादेखत सहा रात्रींत तिने एकदाच मूल घराबाहेर आणलं. तेही बालगृहात नाही, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मावशीकडे. समितीच्या सदस्यांना फोनवर विचारून.

हे मुद्दाम लिहिते, कारण ‘सरकारी माणसं मुलं उचलून नेतात’ ही धास्ती आपल्या घराघरात आहे. २०११ साली नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची दोन लहान मुलं तिथल्या बालसंरक्षण खात्याने ताब्यात घेतली. ती परत मिळवायला आपल्या परराष्ट्र खात्याला मध्ये पडावं लागलं. २०२३ मध्ये त्यावर हिंदी सिनेमाही आला. तो पाहून माझ्या बहिणीने मला फोन केला, “बघ, तुझी ती समाजसेविका!” बहिणीची भीती मी हसण्यावारी नेत नाही. घर मोडण्याची ताकद ज्याच्या हातात असते त्याच्याकडे संशयाने बघावंच. पण आपल्या कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय मानला आहे. आणि आपल्याकडची खरी कमतरता उलट्या बाजूची आहे, इथे रात्री येणारं माणूसच पुरेसं नाही.

एकटीने घेतलेला एक निर्णय तिचा चुकला आहे. मी तिच्याबरोबर बसले त्याच्या आधीची गोष्ट. एका घरातून परतताना तिने मुलीला तिथेच राहू दिलं. आई समजूतदार वाटली, बाप पाया पडत होता. आठवड्याने तीच मुलगी तिला दवाखान्यात दिसली, हात मोडलेला. “त्या रात्री मी तिसरीकडून आले होते, काकू. झोप आली होती. आईने ‘नका नेऊ’ म्हटलं ते मला बरं वाटलं. बरोबर दुसरं कुणी असतं ना, तर म्हणालं असतं, थांब, अजून दहा मिनिटं बसूया.” मुलगी वाचली, बरी झाली, एवढं तिने सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नसे. दहा रुपयांसाठी रात्री आठपर्यंत बसलेलो आहोत. हिची रोकड कधी जुळतच नाही. ती तशीच घरी जाते, आंघोळ करते आणि मुलाचा डबा भरते.

आता माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते.

त्या सहा रात्रींत शेजाऱ्यांचे जे फोन आले, ते जवळजवळ सगळे चाळींमधले आणि झोपडपट्टीतले होते. फ्लॅटमधून एकही नव्हता. याचा अर्थ फ्लॅटमध्ये मुलांना कुणी मारत नाही असा असता तर किती बरं झालं असतं! पत्र्याच्या भिंतीतून आवाज बाहेर येतो आणि तिथला शेजारी अजून उठतो. आमच्याकडे भिंती जाड, दारं सागवानी आणि टीव्हीचा आवाज वाढवायला रिमोट हाताशी.

१९९१ साली मी बँकेच्या अधिकाऱ्यांसाठी असलेल्या क्वार्टर्समध्ये राहत होते. शेजारच्या ब्लॉकमध्ये एक सहकारी, त्यांची पत्नी आणि सात-आठ वर्षांचा मुलगा. गृहस्थ ऑफिसात अतिशय मृदू. गिऱ्हाइकांना स्वतः उठून पाणी देणारे. मुलगा अभ्यासात मागे होता. महिन्यातून तीन-चार रात्री ते त्याला जेवणानंतर मागच्या गॅलरीत काढून दार लावून घेत. थंडीतही. पोरगा रडत नसे. गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर तो कशाने तरी, बहुधा चमच्याने, टकटक वाजवत राही. हळू, थांबून थांबून. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते स्पष्ट ऐकू येई. मी काय केलं? एकदा त्याच्या आईला जिन्यात विचारलं. ती म्हणाली, “ह्यांची शिस्त आहे जरा.” मी “हो ना,” म्हटलं. त्या गृहस्थांशी रोज सकाळी मला तिजोरी उघडायची होती. दुसरी किल्ली त्यांच्याकडेच होती. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. टकटक थांबली, आणि मला, लिहायला शरम वाटते, हायसं वाटलं.

तेव्हा १०९८ नव्हता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. नव्हताच. पण माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत सात पावलं होती.

२०१४ साली एक तरुण माझ्या केबिनमध्ये गृहकर्जाचे कागद घेऊन आला. नाव वाचून मी वर पाहिलं. त्याने मला ओळखलंच होतं. कागदपत्रं झाली, चहा झाला. उठताना तो अगदी सहज म्हणाला, “काकू, तुमच्या स्वयंपाकघराचा दिवा उशिरापर्यंत असायचा. मी गॅलरीत असायचो ना, तेव्हा त्या दिव्याकडे बघत बसायचो. वाटायचं, कुणीतरी जागं आहे.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो माझे आभार मानत होता. मी त्या दिवशी आणखी एकही फाइल पाहू शकले नाही.

म्हणून मैत्रिणीला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. फोन केला असता का? १९९१ ची मी केला नसता. आजची मी करीन, आणि करताना माझे हात थरथरतील. फोन करणं सोपं आहे असं मी वाचकांना सांगणार नाही. उद्या सकाळी त्याच लिफ्टमध्ये त्याच माणसाशेजारी उभं राहायचं असतं. पण फोन करणाऱ्याचं नाव त्या घराला सांगितलं जात नाही, हे माहीत असावं. फोन म्हणजे फिर्याद नव्हे, कुणीतरी जाऊन बघावं एवढीच ती विनंती असते, हेही माहीत असावं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मात्र कळवणं ऐच्छिक राहत नाही. पॉक्सोच्या १९व्या कलमाप्रमाणे ते प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे आणि सद्हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. एखाद्या सोसायटीने त्यावर परवानगीचा ठराव करणं म्हणजे आपल्या सभासदांना गुन्ह्याच्या तोंडी देणं होय. पालकांपासून दुरावलेलं, एकटं मूल सापडलं तर चोवीस तासांत कळवायचं, हीदेखील सक्ती आहे. मारहाणीच्या बाबतीत शेजाऱ्यावर अशी थेट सक्ती मला कायद्यात आढळली नाही. तिथे आपलं आपणच ठरवायचं आहे.

हे सगळं परदेशी खूळ आहे, असं त्या सभेत कुणीतरी म्हणालं म्हणे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं आणि मूल जगावं, म्हणून. त्यांपैकी एकीचं मूल त्यांनी स्वतःच दत्तक घेतलं; तेच डॉ. यशवंत. पंढरपूरचं बालकाश्रम १८७५ चं. दुसऱ्याच्या घरातल्या मुलात लक्ष घालण्याचं हे खूळ आपल्याकडे चांगलं दीडशे वर्षांचं आहे. त्या काळच्या शेजाऱ्यांनीही सभा भरवल्या असतील.

माझ्या मते करायला हव्यात त्या गोष्टी काही अवघड नाहीत. रात्री कुठल्याही घरी ही माणसं दोघं जावीत, एकटी नव्हे. किल्ल्या दोन असाव्यात. त्यांना स्वतःचं वाहन असावं. समितीच्या सदस्यांनी आळीपाळीने रात्र वाटून घ्यावी आणि त्या रात्री तरी फोन चालू ठेवावा. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक खोली असावी. दोन खाटा, एक दिवा, दूध तापवायला शेगडी, एक जागं माणूस. आदेश आणि तपासणी होईपर्यंत मुलाने तिथे निजावं, दवाखान्याच्या बाकावर नव्हे. आणि हे काम करणाऱ्यांची नोकरी दर मार्चमध्ये टांगणीला लागू नये. मामांच्या लेकीचा पगार मला माहीत आहे. सांगायची तिलाच लाज वाटते, म्हणून मी इथे लिहीत नाही.

हा लेख लिहिण्याआधी मी तिला फोन केला होता. मैत्रिणीच्या सोसायटीचं सगळं सांगितलं आणि विचारलं, त्या गावात त्या रात्री कोण गेलं असेल, मुलाचं पुढे काय झालं, तुम्हा लोकांत कळत असेल ना? “काकू,” ती म्हणाली, “ते नाही सांगता येत.” मग जरा थांबून म्हणाली, “तुमच्या मैत्रिणीला म्हणावं, पुन्हा ऐकू आलं तर पुन्हा करा. कितीही वेळा करा.” मागे कुणाचा तरी फोन वाजत होता. तिने माझा ठेवला.

आज, तुम्ही हे वाचत आहात त्या रविवारी सकाळी अकरा वाजता, मैत्रिणीच्या सोसायटीची सभा आहे. ठराव कार्यक्रमपत्रिकेवर चौथा आहे, पाण्याच्या टाकीच्या गळतीनंतर. काल रात्री तिने माझ्याकडून कायद्याची कलमं एका कागदावर उतरवून घेतली. फोन आपणच केला होता हे सांगायचं की नाही, ते तिचं अजून ठरलेलं नव्हतं.